आधी श्वास सोड

नीरजा: नाही, नाही हेमांगी, पोट आत खेचायचं नाही. गुडघे वाकलेले, पावलं मॅटवर, एवढंच. आता नाकाने श्वास घे आणि बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू दे.

हेमांगी: घेतेय ना मॅडम.

नीरजा: खांद्यांनी घेतेयस. माझे हात तुझ्या बरगड्यांवर आहेत, ते हललेच नाहीत.

सगुणा: आडवं पडून दम घ्यायला शिकायचं, त्याला ठाकुर्लीत क्लास! ही आमची प्राप्ती बघा, आठ महिन्यांची पोर, झोपल्या झोपल्या घेते. तिला कोनी शिकवलं?

हेमांगी: आई, प्लीज. तिला घेऊन बाहेर बसा ना.

सगुणा: बाहेर ऊन हाय. माजा केतन सामान गाडीत टाकून येईस्तोवर बसते. मग मी नि माजी नात चाललो ठान्याला, कोलीवाड्यात. तू कर व्यायाम सुखानं.

नीरजा: बाळाला नेणार? किती दिवस?

सगुणा: आईला उचलून घ्यावंसं वाटंल तवर. विचारा हिला. पोर रडून लाल होते, ही मना, सासूला, हाक मारते, नवऱ्याला मारते, शेजारनीला मारते. सोता हात लावत नाय. लेक हाय का परक्याची ठेव?

नीरजा: काकू, इथे आवाज एकटीचा, माझा. हेमांगी, तिकडे बघू नकोस. पिलाटेस म्हणजे उड्या नाहीत, घाम गाळणं नाही. हळू, मोजकं, श्वासाच्या तालावर. पोट आणि पाठ आतून एकमेकांना धरायला शिकतात. आरशावर वाफ सोडतो ना, तसा श्वास सोड आता. सोडताना ओटीपोट अलगद... टीशर्टच्या आत काय आहे गं?

हेमांगी: काही नाही.

नीरजा: कडक लागतंय हाताला.

हेमांगी: पट्टी आहे. पोट बांधलंय.

नीरजा: अजून? आणि इतकं करकचून? अगं, श्वास जाणार कुठे?

सगुणा: माज्या लुगड्याची हाय ती. विकतचा पट्टा नाय. माजं हलदीचं लुगडं फाडलं हिच्यासाठी. सकाली मीच बांधली, व्यायामाला चालली म्हनून जरा जास्तच आवलली. माज्या सासूनं माजं पोट बांधलं, म्हनून तर टोपलं डोक्यावर घेऊन अख्खा बाजार फिरले मी.

नीरजा: सुरुवातीला आधार म्हणून ठीक होतं, काकू. आता सगळं काम पट्टी करतेय आणि पोट नुसतं बसून आहे. सोडूया?

हेमांगी: नको!

नीरजा: का?

हेमांगी: सोडली की पाठीला आधारच राहत नाही. नको.

सगुणा: बघा. तिलाच पायजे. आन् मी वाईट.

हेमांगी: तुम्हाला वाटतं, मला तिला घ्यायचंच नसतं. त्या दिवशी आंघोळ घालून उचललं तिला, आणि कंबरेतून अशी कळ आली की हातच गेले माझे. निसटली ती. खाली पलंग होता म्हणून... आता हात पुढे केले, की तेच दिसतं.

सगुणा: केतनला म्हाईत हाय?

हेमांगी: कोणालाच नाही.

सगुणा: मना तरी सांगायचं गो.

हेमांगी: तुम्ही पट्टी आणखी आवळली असती.

(प्राप्ती आजीच्या बांगड्यांशी खेळते आहे.)

सगुणा: गाठ मागं हाय. थांब, तुज्यानं नाय सुटायची. पोरीला धरा हो जरा बाय... आगं, वल उठलेत कातडीवर! आन् तू गप? द्या हो पोर माज्याकडं.

नीरजा: डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय, पण या कळेचं सांगितलंस त्यांना?

हेमांगी: नाही.

नीरजा: उद्या सांगायचं. तोपर्यंत डोकं वर उचलायचा एकही व्यायाम नाही. घे श्वास. बरगड्यांत... आणि सोड.

हेमांगी: हाऽऽ...

नीरजा: आता हलले माझे हात.

हेमांगी: खाली पोटात काहीतरी धरल्यासारखं वाटतंय. थोडंसं.

नीरजा: तेच हवंय. आता श्वास सोडत टाच पुढे सरकव, कंबर हलू न देता. अशी. आता दुसरी. बास, पहिल्या दिवशी पुष्कळ झालं. सरळ नाही उठायचं, कुशीवर वळून ऊठ. भिंतीला टेकून बस. हे बघ, एका तासात ताकद येत नाही, खोटं कशाला सांगू? पण वजन घेण्याआधी श्वास सोडायचा, एवढं आजच जमेल. काकू, बाळ द्या तिच्या मांडीवर.

सगुणा: देऊ?

हेमांगी: नको आई. निसटली तर?

सगुणा: माजे हात खालीच हाईत. छातीजवल घे. पन आधी दम सोड, ह्या सांगतात तसा. सोड गो बाय.

हेमांगी: हाऽऽ...

नीरजा: आता उचल.

हेमांगी: आई, हात काढू नका हां.

सगुणा: नाय काढत.

हेमांगी: जड झालीय हो ही. कधी झाली एवढी?

सगुणा: नीरजाबाय, माजा फोन वाजतो पिशवीत. माज्या कानाला लावा, हात मोकले नाहीत. ...केतन? हां. पोरीची पिशवी काढ गाडीतनं, वर घरात ने. माजी बी. ...नाय रे, भांडन कसलं? हात काढू नका सांगलंय तिनं.