खिडकीत सापडलेली फाइल

दवाखान्याच्या रांगेत मागून एका बाईचं आणि म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू आलं आणि शिंप्याने कान टवकारले.

"काका, बरं झालं भेटलात! काल ऑफिसच्या जुन्या खिडक्या काढल्या. आता दुहेरी काचा बसणार."

"उशिरा का होईना! दिवसभर हीटर चालू, तरी आपण कुडकुडतच होतो."

"फटींतून कागदांचे बोळे निघाले. वारा अडवायला आपणच कोंबलेले."

"बरं, मग?"

"त्यात ती फाइल निघाली."

"कुठली ती?"

"तीच हो. तुम्ही हरवलीत म्हणून ठपका आला, ती."

शिंप्याचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.

"कोणाच्या खिडकीत?"

"माझ्या. रद्दी समजून मीच कोंबली असणार. साहेबांना तसं लेखी दिलंय."

"अगं, रडतेस काय! अकरा वर्षं वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय. घरात चष्मा सापडेना की ही म्हणायची, गेला फाइलीच्या वाटेने."

"माफ करा, काका."

"ते राहू दे. वारा तरी अडला का तिच्यामुळे?"

"अडला ना. सगळ्यांत उबदार टेबल माझंच होतं."

"म्हणजे अख्ख्या ऑफिसात तेवढी एकच फाइल कामाला लागली होती म्हणायची!"