कापड माझ्याकडे, काठ्या त्यांच्याकडे

हॅलो? … हां, बोल ठमे.

कुठे म्हणजे? जरा बाहेर आलेय. … बाजारात. … अगं, भाजी घ्यायला!

टाळ्या कुठल्या? डास मारतेय. … असतात बाजारातही डास. त्यांना काय बंदी आहे? … पक्षी? असतील कुणाकडे तरी पिंजऱ्यात. तू पोलिसात का नाही भरती झालीस गं?

काय? … शेजारच्या काकूंनी? … मोठी सॅक पाठीला लावून जाताना पाहिलं? त्या बाईचे डोळे आहेत की काय आहेत!

बरं बरं, ओरडू नकोस. … हो. तिथेच. तळ्यावर. … हो, तंबू घेऊन.

एकटीच. दुसरं कोण येणार माझ्याबरोबर? तुला एकदा आणलं होतं, तर रात्रभर "घरी चला, घरी चला" करून डोकं खाल्लं होतंस.

बसने आले. फाट्यावर उतरले आणि चालत आले. … गुडघे आहेत जागेवर. … अगं ऐक ना… ऐक तर… दरवर्षी ह्या दिवसांत आम्ही इथे येतो. मग यंदा मी घरात बसून काय करू? भिंती पुसू?

हो. … हो गं. … मला माहीत आहे. तू मला "आई, बाबा आता नाहीत" हे असं सांगतेस, जसं काही मला कुणी कळवलंच नाही! … नाही, चिडले नाही. बोल.

कुंपण? आहे ना. नवीन तार ओढलीय, काट्यांची. फाटकावर पाटी पण लावलीय, परवानगीशिवाय आत येऊ नये. … चोरून कशी शिरेन? तुझ्या बाबांनी जन्मात कधी कुणाच्या रानात न विचारता पाय टाकला नाही. आधी मालकांच्या घरापाशी जायचं, तोंड दाखवायचं, विचारायचं, निघताना सांगून जायचं. फाटक जसं होतं तसं लावायचं.

म्हातारे मालक आता अंथरुणावर आहेत. सगळं त्यांची सून बघते. तीच आली बाहेर, पीठ मळता मळता. हाताला कणीक तशीच.

काय विचारणार? मला विचारताच येईना. अगं, इतकी वर्षं हे आत जाऊन बोलायचे आणि मी फाटकाशी सामान धरून उभी. काय बोलायचे ते मी कधी ऐकलंच नाही. तिथे उभी राहिले नुसती, शाळेत पट्टी खायला उभं राहतात तशी. तिनेच ओळखलं मला. म्हणाली, "तळ्याकाठचे ना तुम्ही? या की. आणि ते कुठायत?"

…

मी म्हटलं, येतायत मागून.

…

ठमे? आहेस का? … हो, असंच म्हटलं. मागून येतायत, चालायला वेळ लागतो त्यांना, असं म्हटलं. … सुचलं नाही गं! तोंडातून निघून गेलं. आणि मग ती म्हणाली, बरं झालं दोघं आहात, एकट्या माणसाला आम्ही आता राहू देत नाही. मागे कुणी तरी एकटाच येऊन राहिला होता, तो पाण्यात गेला. सकाळी तिच्या नवऱ्यालाच सापडला. तेव्हापासून नियमच केलाय. सासऱ्यांनाही मोडू देत नाही म्हणे.

मग काय सांगू मी? बोल ना. खरं सांगितलं असतं तर तिथूनच परत बसमध्ये.

तुला सोपं वाटतं. … नाही, तू ऐक. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून सगळ्यांना फोन तू केलेस. माझ्या भावाला तू सांगितलंस, त्यांच्या हापिसात तू सांगितलंस, दूधवाल्याला सुद्धा तूच. मी नुसती बसले होते. ते दोन शब्द माझ्या तोंडून अजून एकदाही निघाले नाहीत. कुणापाशीच नाहीत. एका अनोळखी बाईपुढे, तिच्या हाताला कणीक लागलेली असताना, कसे निघणार?

उगाच सॉरी म्हणू नकोस. तुझं काय चुकलं त्यात? माझं लेकरू ते, सगळं एकटीने केलंस.

आई गं! … काही नाही, चावलं. मानेवर. ही चिलटं ना, दिसत पण नाहीत मेली, आणि चावतात अशी की वाटावं कुणी सुई टोचली. … लावलंय की मलम. त्यांना आवडलेलं दिसतंय. … हो, पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, डोक्याला ओढणी. ध्यान दिसतेय मी. तू बघितलंस तर ओळख देणार नाहीस.

वारं पडलंय ना, म्हणून. ऊन उतरलं की वारं पडतं आणि पाण्याजवळ ह्यांची जत्रा सुरू होते.

तेच तर सांगतेय! तुला माहीत आहे ना आमचं भांडण? मी म्हणायची पाण्याजवळ तंबू लावू, ते म्हणायचे वर टेकाडावर, वारं असतं, चावत नाहीत. दरवर्षी. फाट्यापासून तळ्यापर्यंत ह्याच विषयावर. आणि दरवर्षी टेकाडावरच. मी रात्रभर तोंड फुगवून. … तर आज म्हटलं, चला, आज कोण अडवतंय? लावते पाण्याजवळ! मोठ्या तोऱ्यात गेले. सामान टाकलं, बसले.

बसले काय, नाचले. डोळ्यात, कानात, नाकात. पळत वर आले, ठमे, ह्या वयात, सॅक ओढत. टेकाडावर जरा बरं आहे. खरंच बरं आहे. आणि मी सवयीने वळून बघितलं, आता हे काय म्हणणार, "सांगत होतो की नाही?"

…

कुणी काही म्हणालं नाही गं.

…

हो. … हो, आहे मी. बोल.

लागला नाही तंबू अजून. … तेच सांगायचं राहिलं. हसशील तू. सॅक उघडली, कापड पसरलं, खाली हात घालतेय, घालतेय… काठ्याच नाहीत! एक काठी नाही, एक खुंटी नाही. नुसतं कापड घेऊन आलेय मी इतक्या लांब!

अगं, कापड माझ्या सॅकमध्ये असायचं, काठ्या त्यांच्या. पहिल्यापासून तसंच. जड ते मी घेतो म्हणायचे. मी काल सॅक भरली, सगळं आठवणीने भरलं, बॅटरी, काड्यापेटी, जाळी कुठे उसवली होती ती सुद्धा शिवली. काठ्या माझ्या मनातच आल्या नाहीत. त्या घेणं माझं कामच नव्हतं ना.

आणि त्यांची सॅक तू नेलीस. … नाही गं, आठवण म्हणून नेलीस, बरं केलंस. … बघतेस? बघ बरं. कपाटावर असेल. धरते मी फोन.

… … हाड! … जा ना, चावायला दुसरं कुणी नाही का तुम्हाला? …

हां. आहेत? … लाल पिशवीत. हो, तीच. मी पिवळी शिवून दिली होती, ती हरवली त्यांनी. … अजून काय आहे गं त्यात? … चाकू. … दोरी. … एक मोजा? एकच? त्यांचंच काम ते. … बाटली? गवती चहाच्या तेलाची? झाकण उघड ना. … उघड तर. … येतोय वास?

…

येतोय अजून?

…

नाही, काही नाही. चिलट गेलं डोळ्यात. … नाही. रडतेय. हो, रडतेय, काय करू मग? किती शिव्या दिल्या मी त्या वासाला. अंगाला ते तेल चोपडून झोपायचे आणि मी म्हणायची, डासांच्या आधी मीच मरेन. असं बोलायची गं मी. हसायचे ते.

झाकण लाव आता. घट्ट लाव. उडून जाईल.

… नको, जावईबापूंना नको पाठवूस गाडी घेऊन. काठ्या पण नको पाठवूस. एक रात्र, ठमे. फक्त एक रात्र राहू दे मला इथे. तंबू नाही तर नाही, कापड पांघरून पडेन, चावतील तितके चावू देत. सकाळी उठून चूळ भरून येते तुझ्याकडे, मग तू म्हणशील तिथे बसते. …

थांब. थांब, एक मिनिट. कुणी तरी येतंय. …

मालकांच्या सूनबाई आहेत. … हातात काही तरी आहे. … कप आहेत. ठमे, दोन कप आहेत.

काय करू? … नाही, थांब, ठेवू नकोस. तू फोनवर राहा. बोलू नकोस, नुसती राहा.

… या. … अहो, कशाला एवढं? … हो, आहे बरं इथे. … चावतात हो, पण चालायचंच. …

नाही. अजून नाही आले. …

नाही, बस नाही चुकली. … नाही, शोधायला नका पाठवू कुणाला. … अहो, नका हाक मारू मुलाला. बाई, थांबा. एक मिनिट थांबा.

ते येणार नाहीत.

…

ते… माझे मिस्टर… वारले ते. मागच्या हिवाळ्यात. वारले.

…

खोटं बोलले मी तुमच्याशी. मघाशी बोलता आलं नाही. … नाही, एकटीच आहे. … मुलगी आहे, ही काय, फोनवर आहे. …

हो. … हो, कळतं मला. तुमचं पण बरोबर आहे. जो तुमच्या दारात गेला त्याला तुम्ही पाहिलंय, मी नाही. … नाही, वाद नाही घालत. … तुमच्या ओसरीवर? … नको हो, तुम्हाला त्रास. … बरं. … बरं, येते. तंबू तसाही लागणारच नव्हता.

हॅलो, ठमे? … हो. ऐकलंस ना? म्हटलं मी. … हो. दोनदा म्हटलं. … तू नको रडूस गं, नाही तर मी इथे… … रड. बरं, रड. मी पण तेच करतेय.

नाही राहू देत इथे. ओसरीवर झोपायला बोलावतायत. … जाते गं. रागावून नाही बोलल्या, उलट माझ्या हातात कप देऊन स्वतः गवतात बसल्यात. … सकाळी येते पहिल्या गाडीने. ती सॅक तशीच ठेव, धुवू नकोस.

कापड गुंडाळायचंय अजून. एकटीला जमत नाही ते, केवढं मोठं आहे. दोघं दोन टोकांना उभं राहायचो आणि घडी घालत घालत ते माझ्याकडे चालत यायचे. …

काय हो? … नाही, राहू द्या, मी करते. … बरं. मग ते टोक धरा. … ते नाही, ते दुसरं. … हां, तेच. त्यांचं टोक ते. … ताणून धरा. आता या माझ्याकडे.

ठमे, ठेवते गं. घडीला दोन्ही हात लागतात.