मधल्या शांततेतला आवाज

मेटलकोर ऐकलंय का कुणी? नसेल तर एवढंच समजा, त्यात गाणारा गात नाही, ओरडतो. घरात नवा नवा कॉम्प्युटर आला होता आणि फ्रीगंज मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत, मी असंच एक गाणं रेकॉर्ड केलं. आवाज आणि वाद्यांचं मिक्सिंग कसं झालंय ते सांगायला इंदूरच्या स्टुडिओत काम करणारे विकास भैया आले. दारापाशी बाबा पेपर वाचत बसले होते.

अर्धं गाणं ऐकून भैया म्हणाले, “आवाज़ दबी हुई है, ऊपर लाओ.”

मी माझा आवाज वाढवला. गाण्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं क्षणभर थांबतात. त्या शांततेत, रेकॉर्डिंगच्या वेळी भिंतीपलीकडून माइकमध्ये शिरलेले बाबा स्वच्छ ऐकू आले: “याच्यानं आयुष्यात काही होणार नाही. बँकेची परीक्षा दे म्हटलं, तर कुत्र्यासारखा भुंकत बसलाय.”

पेपरचं पान उलटायचं थांबलं. चहा घेऊन आलेली आई दारातच उभी राहिली.

“हा तुकडा काढून टाकतो,” मी पुटपुटलो.

“पागल है क्या?” भैया म्हणाले. त्यांना मराठी येत नव्हती. “समझ में कुछ नहीं आया, पर पूरे गाने में असली गुस्सा बस यही है. इसको और ऊपर लाओ.”

बाबांनी सावकाश पेपरची घडी घातली.

“माझं बोलणं परत रेकॉर्ड करायचं असेल तर आत्ता कर,” ते म्हणाले. “त्या दिवशी मागे टीव्ही चालू होता.”