माजा डाव हिरव्यानं मारला

— आवो घेतली म्हंजे घेतली पैज, चाचा, आता हासून काय उपेग? भर तालमीत, समद्या पोरांम्होरं उदयसिंहदादा म्हनला, ‘सम्राट, तुजा विश्वजित आज सायकलच्या शर्यतीत पन्हाळ्यावर पयला न्हाय आला तर रविवारी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून रंकाळ्याला फेरी मारायची — हाय का हिंमत?’ आन् मी काय म्हनलो? ‘नथीसंगं गजराबी घालतो!’ गजऱ्याचं कोन बोललं हुतं का? कोनबी न्हाय. माजं तोंड आदी सुटतंय, डोस्कं मागनं येतंय. दादाचा राग निराळाच हाय — मागल्या म्हयन्यात त्येच्या नावानं समद्या गल्लीला फोन लावलं मी, ‘दादाची सुपारी फुटली, उद्या जेवायला या’ म्हनून. आली की मानसं! दादाच्या आईनं चाळीस भाकऱ्या थापल्या आन् मग मला हुडकत आली. — तर त्येचा सूड हाय ह्यो. पर काळजी न्हाय, माजा हिशेब पक्का हाय.

तुमच्या टी-शर्टावर विश्वजितच्या टीमचं नाव दिसलं म्हनून तर हितं थांबलो. वाघबीळच्या वळनावर बाटल्या घिऊन उबं ऱ्हायलाय म्हंजे त्येच्यासाठीच, व्हय न्हवं? — आं? सैपाकबी तुमीच करताय? इचलकरंजीचं? फक्रुद्दीनचाचा — बरं, बरं. मी उचगावचा, विश्वजितच्याच गल्लीतला. शाळा नववीत सुटली, आता ग्यारेजात हाय. पर दोन वर्सं रोज पाटंचं म्होरं माजी मोपेड आन् मोपेडच्या आडोशाला त्येची सायकल, असा सराव केलाय आमी. त्यो कुटं दमतोय, कुटं दात खातोय, आरशात बगून बगून पाट झालंय मला. तुमच्या त्या म्यानेजरला असलं काय म्हाईत? न्हाय.

आता बगा. पाच दिसांची शर्यत, आज चौथा. समद्या दिसांचा टाइम एकत्र धरत्यात, ज्येचा कमी त्यो पिवळ्या बनियनात. त्यो बनियन सध्या त्या लांबड्या परदेशी गड्याकडं — नाव माज्या तोंडात बसत न्हाय, मी त्येला उंट म्हनतो. सपाटीला, वाऱ्यात, उंटाला तोड न्हाय. दुसरा त्यो वाळका, नुसती हाडं, त्यो टोळ. घाट लागला की टोळ उडतोय. दोघांत अंतर किती? नाक शिकरायला लागतंय तेवडंच. मग आज काय हुनार? सकाळी इचलकरंजीतनं सुटल्यात, नृसिंहवाडीकडनं वळसा, मग शहराच्या कडंनं केर्ली, आन् शेवटाला ह्यो घाट. सपाटीला उंटाची मानसं म्होरं ऱ्हाऊन वारा अंगावर घेनार, उंट मागं बसून खानार-पिनार. पर केर्ली आली की उंट आन् टोळ एकमेकाच्या तोंडाकडं बगनार — टोळ म्हननार, ‘पिवळा तुज्याकडं हाय, तू म्होरं हुऊन वड’. उंट म्हननार, ‘जिंकायचंय तुला, तू वड.’ कुस्तीत न्हाय का, दोन दांडगं पैलवान हाताला हात लावून नुस्तं गोल फिरत्यात, आदी डाव कोनच टाकत न्हाय! तसंच. आन् तेवड्यात तिसराच कोनतर सुटला — यादीत लई खालचा, ज्येचं भ्याच न्हाय असला — तर त्येच्या मागं कोन पळनार? कोनबी न्हाय. त्यो तिसरा म्हंजे आपला विश्वजित! पयल्या दिशी पंक्चर हुऊन मागं पडला ते बेस झालं की ओ, कुनाच्या डोळ्यावरच न्हाय. केर्लीत सुटनार, हितं एकटा येनार, वर पयला. काटा किर्र!

— वाजतुया तुमचा फोन. घ्या की. — काय म्हनं? मागं पडलाय? कोन, विश्वजित? आवो सोंग आसतंय ते! दमल्यावानी करायचं आन् मग उसळायचं, मीच शिकीवलंय. — काय? सायकल टाकून उसात शिरला? शिरोळजवळ? बरं, शिरला आसल एकदा, मानूसच हाय त्यो. — दोनदा? — हातकणंगल्याजवळ परत? — आसंल... घाम लई आला की हुतंय तसं. हुत न्हाय? मला काय म्हाईत हुतंय का न्हाय, मी काय डाक्टर हाय? माज्याकडं काय बगताय असं?

सरका, सरका मागं, पोलिसाची फटफटी आली! आला बगा, एकटाच हाय, म्हनलं न्हवतं मी — कोन हाय ह्यो? हिरव्या बनियनाचा? आरं ह्यो हिरवा कोन? ह्येचं नाव तरी कुनी ऐकलंय? गेला! — आन् मागं बगा, उंट आन् टोळ, बगा बगा, एकमेकाच्या तोंडाकडं बगत्यात! ‘तू वड, तू वड!’ आरं वडा की कोनतर, मुडद्यांनो! — चाचा, ह्ये माजं हाय! केर्लीत सुटनं माजं, वाघबीळला एकटं येनं माजं, समदं जसंच्या तसं झालं, एक मानूस सोडून. उत्तर मी सांगितलं, पेपर मी सोडीवला आन् पास झाला हिरवा! ह्येच्या मायला, बरोबर ठरून बी हरायचं म्हंजे काय? चुकलो असतो तर गप बसलो असतो. चुकलोच न्हाय न्हवं मी!

— परत त्यो म्यानेजरच? किती वरडतोय त्यो, हितं पातूर ऐकाय यायलंय. ‘रातच्याला काय चारलंस पोराला’ म्हनतोय. ‘सांजच्या गाडीनं घरला चालाय लाग’ म्हनतोय. — आवो चाचा, बाटल्या काय भराय लागलाय पिशवीत? सांगा की त्येला उलटून! काय दिलतं जेवायला? भात, मुगाची डाळ, उकडलेली अंडी — ह्यात वंगाळ काय हाय? तुमच्या जेवनात दुधाचा तर थेंबबी न्हवता — दूध? मी कुटं दूध म्हनलो? — म्हनलो व्हय?

ठेवा ती पिशवी खाली. शिव्या द्या.

काल सांजच्याला. हाटेलाच्या मागल्या दारानं विश्वजितला भाईर काडला, मोपेडवर घातला आन् गंगावेशीत नेला, दुधाच्या कट्ट्यावर. आकाराममामाची म्हस उबी हुती, पैलवान पोरं ग्लास म्होरं करून उबी, मामा धार काडतोय, फेस वर आलाय — आमच्याकडं हेच की ओ, कुस्ती आसू द्या न्हायतर बारावीचा पेपर, आदल्या दिशी धारोष्ण दूध. मला वाटलं ताकद यील. खरंच वाटलं. त्यो म्हनला, ‘सम्राट, नगं, शर्यतीत मला दूध बंद हाय, सोसत न्हाय.’ आन् मी? गप बसलो? न्हाय बसलो. म्हनलो, ‘परदेशी गड्यांत ऱ्हाऊन लिंबू-पानीवाला झालास व्हय? पाच ग्लास रिचवून दाव, न्हायतर म्हशीला बगून भ्यालो म्हन समद्यांम्होरं.’ पोरं फिसाफिसा हासली. त्येनंबी घेतली पैज. माज्यासारखाच येडा त्यो. पाचवा ग्लास खाली ठेवला आन् मी शिट्टी मारली. शिट्टी मारली चाचा मी.

रातीत मेसेज आला त्येचा, ‘पोटात कळा येत्यात. कुनाला सांगू नगं, भाईर गेलतो कळलं तर टीममधनं काडतील.’ मग त्योबी गप आन् मीबी गप. आन् घरला चाललाय तुमी.

— थांबा. आला त्यो. ते बगा, वळनाच्या खाली. तोंड बगा, चुन्यावानी झालंय. मागनं ती मोठी गाडी दिसतिया न्हवं, मागं पडलेल्यास्नी उचलायची, चाकाला हुंगत चाललीया नुस्ती. — विश्वा! ये विश्वा! बसू नगंस गाडीत! — चाचा, बाटली, बाटली काडा, पळा! — घेतली. घेतली त्येनं. तुमच्या हातनं घेतली आन् मान खाली घातली, बगितलं का? माज्याकडं मान वळीवलीबी न्हाय. एक शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं की ओ. — न्हाय बसनार त्यो गाडीत. सरपटत जाईल, पर वर जाईल. ह्ये माजं आजचं शेवटचं भाकीत, एवडं तरी त्या हिरव्यानं चोरू नये.

आना त्यो फोन हिकडं. — आना म्हनतो न्हवं. लावा त्या म्यानेजरला.

हॅलो. साहेब? चाचा न्हाय, मी सम्राट बोलतुया, उचगावचा, विश्वजितच्या गल्लीतला. आदी ऐकून घ्या, मग वरडा. चाचांच्या डब्यात कायबी न्हवतं. काल त्येला भाईर मी नेलता, गंगावेशीत. धारोष्ण दूध. मी पाजलं, पैज लावून. — पाच ग्लास. — चेष्टा न्हाय साहेब, चेष्टा केल्यावर मी हासतो, आता हासतोय का? — त्यो यायला तयार न्हवता, मी वडला त्येला. त्येला काडू नका. चाचास्नी तर न्हायच न्हाय. — व्हय. — व्हय साहेब. वर येतो, तुमच्या म्होरं उबं ऱ्हाऊन सांगतो. न्हाय, पळत न्हाय.

चाचा, धरा फोन. तुमास्नीच मागतोय. — घ्या की. आवाज खाली आलाय त्येचा.