वाजलं की पुढे

मिस्त्री : आता का थांबलात? चाललं होतं की बरं.

सून : वाजलं नाही.

मिस्त्री : काय वाजलं नाही?

सून : काहीच वाजलं नाही. म्हणून थांबले.

मिस्त्री : मावशी, फोन यायचाय का कुणाचा?

सासू : यायचाय ना, माझ्या थोरल्याचा. तो येऊ नये म्हणून तर मघापासून या स्टुलावर जीव मुठीत धरून बसलेय. पण सूनबाई त्याबद्दल नाही बोलत.

मिस्त्री : मग कशाबद्दल बोलताहेत? हे बघा ताई, हे वेल्डिंग आहे. होल्डरात रॉड धरायचा, पेटवायचा आणि दोन पट्ट्या जोडत टोकापर्यंत जायचं. तुम्ही बोटभर जाता, थांबता आणि कान टवकारता. परत बोटभर, परत कान. दारात मांजर आलंय का उंदीर, मला कळेना.

सून : बरोबर झालं की वाजतं ना?

मिस्त्री : कुठं?

सून : टोपीत. कानाजवळ. टिंग.

मिस्त्री : टोपी कुठंय? ही काळी काच आहे, खाली मूठ आहे. यात काय वाजणार, डोंबल?

सून : मग तुम्हाला कसं कळतं बरोबर झालं ते?

मिस्त्री : कळतं.

सून : हो, पण कसं?

मिस्त्री : कळतं म्हणजे कळतं! मावशी, ही शिकून आलीये ना? दारात आल्या आल्या तुम्हीच म्हणालात, सगळ्या वर्गात पहिली आली म्हणून.

सासू : पहिलीच आली. पैकीच्या पैकी. मी बाहेर बाकावर बसून ऐकायचे ना. आत इतर कुणी असलं की घूं घूं व्हायचं, आणि हिची पाळी आली की टिंग, टिंग, टिंग. मला आपलं वाटायचं, आत काहीतरी खेळ चाललाय.

मिस्त्री : थांबा, थांबा. कसली पाळी? काय घूं?

सून : यंत्र होतं मिस्त्री. प्रशिक्षण केंद्रात एकच होतं, म्हणून पाळीपाळीने. टोपी घालायची, की आत लोखंड दिसतं, जाळ दिसतो. हातात होल्डर असतो, पण त्यात रॉड नसतो. हात बरोबर चालला की टिंग वाजतं, मग पुढे जायचं. चुकला की घूं.

मिस्त्री : आणि खरं लोखंड?

सून : होतं की. कपाटात. काचेच्या.

मिस्त्री : कपाटात!

सून : रॉडही होते तिथंच, ओळीने लावलेले, खाली नावं लिहून. सर म्हणायचे, उगाच जाळायचे नाहीत, पाहुणे आले की दाखवायला लागतात.

मिस्त्री : म्हणजे आजपर्यंत तू एकही रॉड जाळलेला नाहीस?

सून : आज जाळला. पहिला. ठिणग्या चावतात हे मला माहीत नव्हतं. तिथल्या चावत नव्हत्या.

मिस्त्री : अरे कर्मा. मग तू वेल्डिंग शिकलीस का वेल्डिंगचा सिनेमा बघितलास?

सासू : असं नका हो बोलू. पोरगी जीव तोडून शिकलीये.

मिस्त्री : मी तिला कुठं बोलतोय? मला कळेना झालंय, कुणाला बोलू. माझे दोन्ही कारागीर परदेशी गेले. जोड मारणारा माणूस मिळेना. केंद्रात निरोप धाडला, एक तयार माणूस पाठवा. त्यांनी पाठवली ही. ही तयार आहे का नाही, सांगा बरं तुम्हीच.

सासू : मी काय सांगणार? मी बाकावर होते.

सून : मिस्त्री, ती मघाची पट्टी मोडून बघा ना.

मिस्त्री : मोडायला काय, एक घाव घातला की... हं. हे काय?

सून : मोडली?

मिस्त्री : इथं मोडली. इथं नाही. इथं परत मोडली. आता हे काय गौडबंगाल आहे? जिथं जिथं हात चाललाय तिथं जोड पक्का बसलाय, घण घातला तरी सुटत नाही. आणि जिथं कान टवकारलेत तिथं नुसतं भोक.

सून : म्हणजे बरोबर का चूक?

मिस्त्री : दोन्ही! असा जोड मी जन्मात बघितला नाही. निम्मा माझ्या उस्तादाच्या हातचा वाटतो आणि निम्मा आंधळ्याच्या.

सासू : निम्मी नोकरी देता का मग?

मिस्त्री : मावशी, थट्टा सुचतेय तुम्हाला.

सासू : थट्टा नाही हो, रडू येतंय, म्हणून बोलतेय. धाकटा माझा, हिचा नवरा, वारला. तेव्हापासून आमच्या खोलीचं भाडं थोरलाच भरतो. आता म्हणतो, बस झालं, सूनबाईला आज काम लागलं तर राहा तिथं, नाहीतर टेंपो पाठवतो. संध्याकाळी सामान भरायचं आणि त्याच्या घरी जायचं. त्याच्या घरी मला जिन्याखाली खाट, आणि हिला सगळ्या घराची भांडी, जन्मभर. मी जाईन एक वेळ जिन्याखाली. पण हिने का जायचं?

सून : आई, राहू द्या ना ते.

मिस्त्री : हं. ताई, काच धर. नवी पट्टी घे. हा पाना आणि ही ऐरण. बरोबर चाललं की मी वाजवतो, वाजलं की पुढे जा. चालेल?

सून : चालेल! आवाज जरा बारीक काढाल? टिंगसारखा?

मिस्त्री : आता पान्याला गळा कुठनं आणू? टण वाजेल. टणवर भागव. मावशी, तोंड भिंतीकडे करा. जाळाकडे उघड्या डोळ्यांनी बघाल तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल. हां, पेटव. चल. टण. चल. टण. चल, चल. टण. अगं, काय सरळ चाललाय हात!

सून : झालं? टोकाला आले.

मिस्त्री : झालं. घण घालतो. नाही मोडत. परत घालतो. नाही मोडत बघ.

सासू : मग ठेवली ना कामावर?

मिस्त्री : कशी ठेवू मावशी? ही जोडणार आणि मी दिवसभर देवळातल्या घंटेसारखा शेजारी वाजत बसणार? मग मीच का जोडू नये?

सून : पण मिस्त्री, तुम्ही बघून वाजवत होतात ना? तर काय बघत होतात तेवढं सांगा. मग माझं मी मनातल्या मनात वाजवीन.

मिस्त्री : काय बघत होतो म्हणजे... जाळ बघत होतो.

सून : जाळात काय?

मिस्त्री : जाळात... ते पातळ होतं ना लोखंड, ते बघतो. नाही, ते नाही बघत. आवाज ऐकतो. म्हणजे ऐकत असेन. उस्तादाने मला असं काही सांगितलंच नव्हतं गं.

सून : मग तुमच्या वेळी कोण वाजवायचं?

मिस्त्री : उस्तादच. माझ्या पाठीत. चुकलं की धपाटा. बरोबर आलं की काही नाही.

सून : म्हणजे नुसतं घूं होतं. टिंग नव्हतंच.

मिस्त्री : नव्हतंच की! हे कधी ध्यानातच आलं नाही. थांब, आण तो होल्डर इकडे. मी जोड मारतो आणि मारता मारता बोलतो, काय बघतो ते. पेटवला. आता मी बघतोय... आता हात असा नेतोय, का? तर... आता कान... च्यायला!

सून : काय झालं?

मिस्त्री : रॉड चिकटला.

सून : तो का चिकटला?

मिस्त्री : नवशिक्याचा चिकटतो! माझा दाढी फुटल्यापासून चिकटला नव्हता. परत पेटवतो. हात असा, कान... परत चिकटला! अगं बाई, काय केलंस तू मला?

सासू : जाऊ द्या हो मिस्त्री. मलाही कुणी विचारलं ना, तू चालतेस कशी, आधी कुठला पाय, तर मी पडेन तोंडावर.

मिस्त्री : माझी पोटापाण्याची विद्या घालवायला आलीये ही! आणि गिऱ्हाइकाचं ते कोपऱ्यातलं फाटक व्हायचंय अजून. बिजागऱ्या नुसत्या ठिकठिकाणी पकडून ठेवल्यात, पक्का जोड राहिलाय. हा ऐका हॉर्न, गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं पण. गल्लीच्या तोंडाशीच थोपवतो त्याला, चहा पाजतो, तोवर माझा हात ठिकाणावर येईल. तू पट्ट्या जोडत बस. फाटकाला हात लावायचा नाही. कळलं?

सून : कळलं.

सासू : गेला बाई. भला माणूस आहे, पण आपण त्याचं डोकं फिरवलं. थांब, वाजला फोन. बोल रे. हो, इथंच आहोत. काय, टेंपो आला पण? दारात? अरे, संध्याकाळ म्हणाला होतास ना? ड्रायव्हरला म्हणावं, बस जरा. ... लागलं का म्हणजे, निम्मं लागलंय. ... निम्मं म्हणजे निम्मं! बघतात अजून. आमच्या खाटेला हात लावायचा नाही, मी येईपर्यंत. ठेव.

सून : आई, काय म्हणाले?

सासू : टेंपो आपल्या खोलीच्या दारात उभा आहे.

सून : मग निघू या का?

सासू : ते फाटक जोडता येईल तुला?

सून : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही हो आई. तिकडे पैकीच्या पैकी, इथं निम्मं भोक. मला काय येतं आणि काय येत नाही, तेच मला कळेनासं झालंय. भीती वाटते.

सासू : मलाही वाटते. जोड ते फाटक.

सून : मिस्त्री हात लावू नको म्हणालेत.

सासू : मला नाही म्हणाले. मी आहे ना वाजवायला.

सून : तुम्ही? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?

सासू : इतके दिवस बाकावर बसून ऐकलंय मी. चल, धर काच. मी भिंतीकडे तोंड करते. पाना जड आहे गं मेला. हां, पेटव.

(पाना ऐरणीवर वाजत राहतो, बराच वेळ. मग थांबतो.)

मिस्त्री : अहो, काय चाललंय? गल्लीच्या टोकाला टणटण ऐकू येतेय! मी इथं नाही तर वाजवतंय कोण? फाटक? फाटकाला हात लावलास?

सून : लावला. चुकलं माझं. मोडून बघा.

मिस्त्री : मोडून? बिजागरी मोडली तर फाटक जाईल, गिऱ्हाईक जाईल... सरक तिकडे. हातोडी दे. आधी वरची काळी खपली काढू दे. ... हं. ... हं.

सासू : हं म्हणजे काय हो? बोला की काहीतरी.

मिस्त्री : भोक नाही.

सून : कुठंच?

मिस्त्री : शोधतोय. ही बिजागरी बघितली, ती बघितली. घाव घालतो. सुटत नाही. मावशी, खरं सांगा, तुम्ही कशावरून वाजवलंत? जाळाकडे बघितलंत?

सासू : छे! भिंतीकडे तोंड होतं माझं, आणि डोळेही मिटलेले.

मिस्त्री : मग आवाजावरून?

सासू : कसला आवाज? माझ्या हातातला पानाच एवढा कोकलत होता.

मिस्त्री : मग कधी वाजवायचं ते कसं कळलं?

सासू : मला काय कळतंय? वाजलं नाही तर बिचारी थांबते ना. थांबू नये म्हणून वाजवत होते आपली. हात दुखला की हात बदलत होते.

मिस्त्री : म्हणजे सगळं खोटंच? ऐकलंस का गं? उगाच वाजवत होत्या त्या. चूक का बरोबर, काही न बघता.

सून : हो. आलं माझ्या लक्षात.

मिस्त्री : कधी?

सून : दुसऱ्या बिजागरीपाशी. आई, तिथं तुम्ही वाजवलंत, पण मला पटलं नाही. आत नीट भरलं नव्हतं. मग मी मागे गेले, परत भरलं, आणि मग पुढे गेले.

मिस्त्री : वाजलं तरी मागे गेलीस?

सून : हो.

मिस्त्री : कशावरून? जाळ बघून? आवाज ऐकून? का हाताला लागलं? नीट आठवून सांग, मलाही हवंय ते.

सून : म्हणजे... आधी ते असं... नाही, तसं नाही... कळलं.

मिस्त्री : कसं पण?

सून : कळलं म्हणजे कळलं, मिस्त्री.

मिस्त्री : घ्या. आता दोघंही अडाणी. बरं, ते फाटक उचलायला हात लाव, गिऱ्हाईक ताटकळलंय. आणि उद्या येताना जाड कपडे घालून ये, अंगभर. इथल्या ठिणग्या चावतात.

सून : उद्या?

मिस्त्री : मग काय परवा? पाना मात्र मी वाजवणार नाही, सांगून ठेवतो.

सासू : मिस्त्री, जरा थांबा हं, फोन लावते. हॅलो. टेंपो आहे का रे अजून? ... रिकामा जाऊ दे. ... रिकामाच! ... पुरं लागलं. ... नाही, विचारत नाहीये, सांगतेय. ... अरे, रडत नाही मी, इथं धूर फार आहे. ठेव.

सून : आई, तो पाना ठेवा ना आता खाली.

सासू : असू दे गं जरा. हातातून सुटेना झालाय.