गुरुवारचं चिकन

स्वानंदी: आज गुरुवार आहे.

आई: मग? सकाळी दहाला उठून मला वार सांगायला आलीस? ती परात सरकव इकडे.

स्वानंदी: आई, ओट्यावर चिकन आहे. आपल्या ओट्यावर. गुरुवारी.

आई: शिजवलेलं आहे. दुकानातूनच भाजून आणलंय. फक्त तोडायचं.

स्वानंदी: बाबांना चिकन खावंसं वाटलं की तू त्यांना गराजमध्ये पाठवतेस. जानेवारीत. आपल्या ट्रॉय गावच्या बर्फात. जॅकेट, टोपी घालून फोल्डिंगच्या खुर्चीत बसून खातात बिचारे, आणि तू आतून दार लावून घेतेस.

आई: वास येतो घरभर.

स्वानंदी: आणि आज तू स्वतः... थांब. हातात काय घातलंयस? भांड्यांचे ग्लव्हज?

आई: नवीन आहेत. दोन जोड घातलेत.

स्वानंदी: कोण येतंय?

आई: कोणी येत नाहीये.

स्वानंदी: शाळेतली ती काउन्सेलर येतेय ना? स्कार्फवाली? खरं सांग. ती आली तर मी मागच्या दारानं जाणार, आत्ताच सांगून ठेवते.

आई: त्या बाईसाठी मी माझा गुरुवार मोडीन होय? काहीतरीच तुझं.

स्वानंदी: मग कोणासाठी मोडलास?

आई: तुझ्यासाठी. शेजारच्या बेव्हकडे जाऊन कृती लिहून आणली. चिकन अँड डंपलिंग्ज. तिच्याकडे गेलीस की दोनदा मागून खातेस म्हणे. ताटली पुसून घेतेस ब्रेडनं.

स्वानंदी: बेव्हनं सांगितलं हे? वा. म्हणजे तीपण तुला सामील.

आई: सामील काय त्यात! म्हातारी बाई कौतुकानं सांगत होती.

स्वानंदी: सहा महिने मी घरात बसलेय. सहा महिने तू मला धड हाक मारत नाहीस. नाश्त्याची प्लेट अशी ठेवतेस की कानठळ्या बसतात. आणि आज एकदम कौतुक? गुरुवारी? चिकन?

आई: बोलत बोलत हात चालव जरा. ते गाजर चिर. बारीक नको, बोटभर ठेव.

स्वानंदी: आणि हे काय? लाटतेयस कशाला?

आई: डंपलिंग.

स्वानंदी: बेव्ह लाटत नाही. पीठ सैल भिजवते आणि चमच्यानं वरून टाकते, असे ओबडधोबड गोळे. मग ते ओव्हनमध्ये फुगतात. तू शंकरपाळे कापतेयस.

आई: अगं, उकळत्या रश्शात कणकेचे तुकडे सोडायचे. वरणफळंच की ही! नागपूरला माझी आजी करायची, तिची आजी करायची. बेव्हनं मला वरणफळं शिकवू नयेत.

स्वानंदी: वरणफळं ओव्हनमध्ये घालतात का? आणि रस्सा पिवळा का दिसतोय? हळद घातलीस?

आई: चिमूटभर.

स्वानंदी: हिंग?

आई: मैदा जड पडतो गं पोटाला.

स्वानंदी: ओ माय गॉड.

आई: चव बघ आता. मी काही तोंडात घालणार नाही. मीठ कसं आहे ते तूच सांगायचं.

स्वानंदी: ...मीठ कमी आहे. मिरी घाल. आणि ते शंकरपाळे परत गोळा कर, दूध घाल, सैल कर. मी दाखवते. सरक.

आई: हं. किती दूध घातलंस? नीट बघून ठेव, पुढच्या वेळी तुलाच करायचंय.

स्वानंदी: का?

आई: का म्हणजे? सतरा वर्षांची घोडी झालीस. ठेव ते भांडं ओव्हनमध्ये.

स्वानंदी: नाही नाही. थांब. 'पुढच्या वेळी तुलाच.' आई, ह्या डब्यांवर लेबलं का लावलीस?

आई: कुठल्या?

स्वानंदी: सगळ्या! तूर, मूग, हरभरा, साबुदाणा. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांवरसुद्धा चिकटवलीयेस. वीस वर्षं तू अंधारातसुद्धा जिरं काढतेस. तुला लेबलं कशाला लागतात?

आई: नीटनेटकं दिसतं.

स्वानंदी: आणि बेसमेंटमध्ये बदामाची चार मोठी पाकिटं आहेत. व्हिटॅमिनच्या बाटल्या आहेत. गुडघ्याला लावायचं ते मलम, सहा ट्यूब. मोठी बॅग वरून खाली आलीये, जिन्याच्या कार्पेटवर चाकांच्या रेघा उमटल्यात. तुला वाटतं मी दिवसभर फोनच बघत असते?

आई: पोलिसात जा तू. चांगली नोकरी आहे.

स्वानंदी: आणि पासपोर्टचा ड्रॉवर उघडा होता मंगळवारी. आणि तू नंदूमामाशी बाथरूममध्ये जाऊन बोलतेस, नळ सोडून. नळ सोडून, आई! पिक्चरमधल्या गुंडांसारखं!

आई: हळू बोल. बाबा वर मीटिंगमध्ये आहेत.

स्वानंदी: मला नागपूरला पाठवताय ना तुम्ही?

आई: काय?

स्वानंदी: मामाकडे. शाळा सोडली म्हणून. तिकडे कुठल्या तरी क्लासला घालणार, मामी सकाळी पाचला उठवणार, आणि सगळे मला समजावायला येणार रांगेनं. माझ्या वर्गातल्या अदितीला असंच पाठवलं होतं तिच्या आईनं. जायच्या आदल्या आठवड्यात तिलापण रोज आवडीचं करून घालत होते. पास्ता, लझानिया. मग एअरपोर्ट.

आई: स्वानू...

स्वानंदी: मी जाणार नाही. मी कॉपी केली नव्हती. त्या सरांनी सगळ्या वर्गासमोर माझा पेपर वर धरला, कॉपी म्हणाले आणि हसले. मी फाडला आणि निघाले. परत फाडीन.

आई: कॉपी केली नव्हतीस, ते माहितीये मला.

स्वानंदी: मग पाठवताय कशाला?

बाबा: अगं सुहास, ऐक ना, माझा एक कॉल सरकलाय. शनिवारी एअरपोर्टला साडेतीनला निघालं तर... अरे, स्वानंदी उठली वाटतं.

स्वानंदी: बघ! बघ! शनिवारी!

बाबा: तू... सांगितलं नाहीस अजून?

आई: जेवताना सांगणार होते. पोटभर खाऊ घालून. तू ये वरून, टपक मध्येच.

बाबा: मला काय माहीत! मला वाटलं काल बोललीस. छान वास येतोय बाकी. चिकन? आज? घरात?

आई: अवधूत, तू वर जा.

बाबा: जातो. स्वानंदी, बेटा, आईवर ओरडू नकोस. तिनं चार रात्री झोप काढलेली नाही. जातो.

स्वानंदी: शनिवारी मला कोण सोडणार आहे? तू की ते?

आई: तुला कोणी कुठे सोडत नाहीये. मी जातेय.

स्वानंदी: कुठे?

आई: नागपूरला. आजोबा पडले, मोरीत. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं सोमवारी. मामा एकटा आहे, मामी तिच्या आईकडे अडकलीये. कोणीतरी हवं ना उठवायला, बसवायला.

स्वानंदी: सोमवारी? आणि मला आज कळतंय?

आई: तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी काचेची भांडी आवरून ठेवावी लागतात. हिंमत होत नव्हती गं.

स्वानंदी: कधी येणार परत?

आई: तेच तर माहीत नाही. माझा व्हिसा संपलाय पासपोर्टवरचा. इथे राहायला अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलं की तिकडे मुलाखत द्यायची, नवीन शिक्का घ्यायचा, मगच परत येता येतं. मुलाखतीची तारीख मिळत नाहीये. दोन महिने, पाच महिने, देव जाणे. म्हणून लेबलं. बाबाला मूग आणि मटकीतला फरक कळत नाही.

स्वानंदी: म्हणून चिकन.

आई: एक तरी पदार्थ तुला नीट यावा, जो तू रुसलेली असलीस तरी खाशील. बेव्ह म्हणाली हा खाशील.

स्वानंदी: मीपण येते.

आई: आत्ता तर म्हणत होतीस...

स्वानंदी: ते वेगळं. आजोबांसाठी येते. मी उचलीन त्यांना, माझ्यात ताकद आहे तुझ्यापेक्षा. दोन दिवसांत बॅग भरते. एका तासात भरते.

आई: नाही येता येणार, बाळा.

स्वानंदी: का नाही?

आई: वकीलबाईंना विचारलं मी. पहिल्यांदा तेच विचारलं. तुलाही मुलाखत द्यावी लागेल. तिथे विचारतील, मुलगी काय शिकते. काय सांगू? कुठल्याच शाळेत तुझं नाव नाही. त्या म्हणाल्या, आत्ता हिला देशाबाहेर नेऊ नका, अडकली तर सोडवणं कठीण.

(ओव्हनची घंटा वाजते. आई हात लांबवून तो बंद करते.)

स्वानंदी: म्हणजे मी शाळेत असते तर...

आई: तसं नको म्हणू.

स्वानंदी: असते तर आले असते. सरळ सांग ना. तू सरळ कधी बोलतच नाहीस, नळ सोडून बोलतेस.

आई: हो. आली असतीस.

स्वानंदी: आजोबा विचारतात माझ्याबद्दल?

आई: रोज. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच विचारलं मामाला, स्वानू कशी आहे, अभ्यास काय म्हणतो.

स्वानंदी: मग काय सांगता तुम्ही?

आई: बारावीत आहे. गणितात पहिली आहे.

स्वानंदी: आई!

आई: ऐंशी वर्षांचा माणूस, पायात सळई घातलेली. काय सांगू त्यांना? मामाच्या अनीशचं लग्न मोडलं ते सांगितलं नाही अजून, तुझं कुठे सांगत बसू?

स्वानंदी: आता तू गेलीस की समोरासमोर विचारतील. ही का नाही आली म्हणतील.

आई: सांगीन काहीतरी. परीक्षा आहे म्हणीन.

स्वानंदी: नको.

आई: मग काय सांगायचं?

स्वानंदी: तू काहीच नाही सांगायचं. मी सांगते. फोन लाव.

आई: आत्ता? तिकडे आठ-साडेआठ झाले असतील. मामा भरवत असेल त्यांना.

स्वानंदी: जेवू दे त्यांना. मी थांबते.