पंधरा नमो मारिया

— नाही हो विहीणबाई, आत नाही सोडणार. मला हाकललं तिथून, तुम्हाला काय सोडतील! बसा आधी, उभ्याने आलात गाडीत. आत डॉक्टरीणबाई आहेत, दोन सिस्टर आहेत — आणि मुलगा खाली गेलाय, रक्ताची बाटली आणायला. अहो, घाबरू नका, हाताशी असावी म्हणून! पोट उघडून काढायचं ठरलंय. बाळाचे ठोके मध्येच मंदावतात म्हणाल्या.

माझ्या हाताकडे काय बघताय? माळ आहे, रोझरी. तुम्हाला आमचं सगळं थोतांड वाटतं, ठाऊक आहे मला, लग्नात तोंडावर म्हणाला होतात. पण मागणं तुमच्या लेकीचंच होतं बरं का! बाप्तिस्मा झाल्यापासून माझ्याआधी ती गुडघ्यांवर. सातव्या महिन्यात म्हणाली, आई, कळा सुरू झाल्या की तुम्ही मोठ्याने म्हणा, मी तुमच्या मागून म्हणते — आता सांगा, नाही म्हणवतं का कुणाला?

माझ्या आईची एक रीत होती. घड्याळ नव्हतं तिच्याकडे, माळ होती. एक नमो मारिया, म्हणजे एका मण्याची प्रार्थना, सावकाश म्हटली की वीस सेकंद. दोन कळांच्या मध्ये पंधरा बसल्या म्हणजे पाच मिनिटं — उठा, निघा! जास्त बसल्या तर अजून अवकाश आहे. माझी तिन्ही बाळंतपणं तिने अशीच मोजली, एकदा म्हणून चुकली नाही. तर आज सकाळपासून मी मोजत होते. तीस झाल्या. मग पंचवीस. मग वीस. मुलगा गाडी काढून दारात — मी म्हटलं, अरे थांब, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. आणि मग ती ओरडायला लागली ना, तर माझ्या पुन्हा पंचवीस! मग तीस! म्हटलं, बघा, मारियामातेने ऐकलं, कळा लांबल्या, जरा दम खाऊ दे पोरीला — लांबल्या कुठल्या, कपाळ माझं! माझी जीभ पळत होती. भीतीने हो. वीस सेकंदांची प्रार्थना पाचात गिळत होते मी. भिंतीवर घड्याळ होतं, समोर, एवढं मोठं! मान वर करून बघितलं नाही मी मेलीने. ती तीनदा म्हणाली, आई, जाऊया. तीनदा. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, बोलू नकोस, माझ्या मागून म्हण.

रडू नका हो. तुम्ही रडलात तर मी काय करू? बोला मला, चार शिव्या द्या. तरी बरं, तिचं पाणी सकाळी गेलं असं सांगितलं मी डॉक्टरीणबाईंना, नाहीतर त्या — काय? काही नाही. काही नाही म्हटलं ना! सकाळीच. सकाळीच गेलं की.

...असं बघू नका माझ्याकडे.

काल. काल संध्याकाळी पाचला. थोडंसंच होतं हो, चादर ओली झाली एवढंच, कळा कुठे होत्या! म्हटलं, होतं असं, झोप. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं ना, तेव्हा त्या म्हणाल्या, नीट आठवून सांगा, फार तास झाले असतील तर बाळाला लागण होते, औषध आधी द्यावं लागतं — आणि मला वाटलं, आता विचारतील, सासू म्हणून काय करत होतात? म्हटलं, सकाळी. हातात ही माळ धरून म्हटलं. तेव्हापासून इथे बसलेय, एक मणी पुढे सरकला असेल तर शपथ. तोंडच उघडत नाही प्रार्थनेला.

कुठे निघालात? विहीणबाई! दार नका वाजवू, त्या आत कापतायत, त्यांना — सोडा. सोडा माझा हात. बाजूला व्हा तुम्ही, मीच सांगते. मीच सांगायला हवं.

सिस्टर! अहो सिस्टर, दार उघडा! सकाळी नाही, काल! काल संध्याकाळी पाचला गेलं पाणी! मी खोटं बोलले — खोटं बोलले हो मी!

...ऐकलं का कुणी?

विहीणबाई, तुम्हीही वाजवा ना.